निशाणी ५ चा अर्ज

चि. सायलीस,



घोडेगाव कोर्टात दाखल करायचा तुझा निशाणी ५ चा, म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा, अर्ज वाचला. ‘वादीचे भरून न येणारे नुकसान होईल’ हे वाक्य तूही सगळ्यांसारखंच उरकलंस. नेमकं काय जाईल, ते कुठंच नाही.

तूर्तातूर्त मनाईसाठी सकृतदर्शनी केस, सोयीगैरसोयीचा तोल आणि ही भरून न येणारी हानी, तिन्ही दाखवावी लागतात. गेलेली वस्तू पुन्हा उभी करणं अशक्यच असलं पाहिजे असं नाही. पैशाने पुरेशी भरपाई होणार नसेल तरी चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने दलपतकुमार विरुद्ध प्रल्हादसिंगमध्ये सांगून ठेवलंय.

तुझ्या अशिलाची हिरड्याची झाडं घे. प्रतिवादी म्हणेल, बाळहिरड्याला बाजारभाव आहे, करा हिशेब. एका हंगामाचा होईलही. पण नवं झाड लावून ते फळ धरेपर्यंत त्या घराने पावसाळ्याची भरणी कशावर करायची? झाडं किती, कोणत्या बांधावर, घरात दुसरं उत्पन्न काय, हे प्रतिज्ञापत्रात येऊ दे. न्यायाधीशांना झाड दिसलं पाहिजे.

झाडांचं तेच गावाचं. आपल्या तालुक्याला ज्याचं नाव, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. मोबदला जमिनीचा ठरतो. शेजार आणि देवाची जागा कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत. तरी २०१८ च्या दुरुस्तीने विशिष्ट अनुतोष अधिनियमात घातलंय, की पायाभूत प्रकल्प रखडेल अशी मनाई द्यायची नाही. मला हे पटलेलं नाही. नुकसान जिथं सर्वांत मोठं, तिथंच पैशावर भागवा म्हणायचं! रिटचा रस्ता उरतो म्हणा, पण आपल्या आहुपे गावच्या माणसाला मुंबईचं हायकोर्ट काय जवळ आहे?

आणि उशीर करू नकोस. अशील सहा महिने गप्प बसला, तर घाई कसली, असं कोर्ट विचारणारच. समोरचेही हुशार असतात. जेसीबी बहुधा दुसऱ्या नाहीतर चौथ्या शनिवारच्या आदल्या संध्याकाळी येतो. पुढं दोन दिवस कोर्ट बंद. म्हणून कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज निशाणी ५ सोबतच दे. झाडं उभी असताना पंचनामा झाला, तर नंतर ‘इथं काही नव्हतंच’ म्हणायची सोय राहत नाही.

सातबारा जुना जोडलायस, तो तेवढा बदल.

तुझा,
आबा