बाळ झोपलंय, आता बोल

इंदूरच्या सराफ्यात अजून गर्दी असेल. तुमच्या रामबागेतल्या खोलीत दिवा मालवलाय, सहा महिन्यांचं बाळ शेजारी झोपलंय. काही करायचं नाही. नुसतं बसा.

त्याच्या पोटाकडे पाहा. वर येतंय, खाली जातंय. तुमच्या एका श्वासात त्याचे दोन होतील, मोजू नका. श्वास घेताना हृदय किंचित घाई करतं, सोडताना सावकाश होतं. हा चढउतार व्हेगस नावाच्या मज्जातंतूच्या हाती असतो. चढउतार मोकळा असला की दचकलेलं बाळ लवकर थाऱ्यावर येतं. आईबाबांचं सतत वाजतं अशा घरांतल्या याच वयाच्या बाळांमध्ये हा चढउतार कमी आढळलाय.

जरा थांबा. खांदे सैल सोडा.

आता मघाचं भांडण आठवा. "बाळ झोपलंय, आता बोल," असं दोघांपैकी कुणीतरी म्हणालं असेल. २०१३ मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या अ‍ॅलिस ग्रॅहम आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा ते बारा महिन्यांच्या वीस बाळांना झोपेतच एमआरआयमध्ये ठेवून अर्थहीन वाक्यं ऐकवली होती, कधी आनंदी सुरात, कधी साध्या, कधी चिडलेल्या. ज्या घरांत भांडणं जास्त, तिथल्या बाळांचा मेंदू खूप रागावलेल्या सुराला जास्त प्रतिसाद देत होता, तोही ताण सांभाळणाऱ्या भागांत. शब्दांना अर्थ नव्हताच. आपल्या इंदुरी घरांत भांडण मराठीत सुरू होतं आणि हिंदीत तापतं. बाळाला दोन्ही सारखंच.

वीस बाळं म्हणजे फार नव्हेत. जास्त प्रतिसाद म्हणजे इजा, असंही नाही. तेव्हा अपराधीपणा दाटून आला असेल, तर तो येऊ द्या, पण त्याला धरून बसू नका. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई-बाळांचं खेळणं बारकाईने न्याहाळलं. सुरळीत चाललेल्या जोड्यांचेही सूर बराच वेळ जुळलेले नसतात; तुटतात, पुन्हा जुळतात. हे पुन्हा जुळणंच बाळाला सावरायला शिकवतं, असं त्यांचं म्हणणं.

एक लांब श्वास सोडा. जोडीदार जागा असेल, तर "चुकलं माझं" हे इथेच म्हणा, बाळाशेजारी, नेहमीच्या आवाजात. दबकं, दातओठ खात केलेलं भांडणही सूर लपवत नाही. आणि मुद्दा अजून मिटलेला नसेल, तर उद्या बाळाला आजीकडे सोपवा, दोघं नेहरू पार्कात जा आणि तिथे पोटभर भांडा.