कविता कुणाकडून आली?

१७४९ च्या उन्हाळ्यात पॅरिसचे पोलीस एका कवीला शोधत होते. पंधराव्या लुईने एप्रिलमध्ये मोरपा या मंत्र्याला हाकललं, आणि त्यावरून थेट राजावर तोंडसुख घेणारी एक कविता शहरभर फिरायला लागली. वरून हुकूम आला: कवी पकडा.

जुलैत फ्रांस्वा बोनी हा मेडिकलचा विद्यार्थी हाती लागला. कविता त्याची नव्हतीच, ती त्याला एका पाद्र्याने दिली होती. पाद्र्याला दुसऱ्या कुणी, त्याला तिसऱ्याने. आम्ही इंजिनिअर लोक सर्व्हरचे लॉग उलटे वाचत बिघाडाचं मूळ शोधतो, तसंच हे. फक्त इथे लॉगमधली प्रत्येक नोंद म्हणजे बास्तीलमध्ये उलटतपासणी झालेला एक माणूस. विद्यार्थी, पाद्री, कारकून असे चौदा जण आत गेले. तपासात आणखी कविता निघाल्या, साखळ्या एकमेकींत गुंतल्या. मूळ कवी सापडलाच नाही.

रॉबर्ट डार्नटन या इतिहासकाराने पोलिसांच्या कागदपत्रांवरून हे प्रकरण उलगडलं. ते वाचताना मला आधी बोनीचा राग आला. नाव सांगून मोकळा झाला! मग त्याच्या जागी स्वतःला बसवून पाहिलं. मी तासभर तग धरला असता. (बहुतेक तेवढाही नाही.)

पिएर सिगोर्न मात्र बोलला नाही. हा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, न्यूटन शिकवणारा. कविता त्याला तोंडपाठ होती, ती त्याने इतरांना सांगून उतरवून दिली. त्याच माणसांचा माग काढत पोलीस त्याच्यापर्यंत आले. त्याला ती कुणी दिली, हे त्याने सांगितलं नाही.

इथे माझी पंचाईत होते. असल्या कविता दरबारातले लोकही रचायचे आणि पसरवायचे. म्हणजे सिगोर्नच्या मौनाने कदाचित एखादा बडा सरदार वाचला असेल. त्याने ज्यांना कविता उतरवून दिली, ती पोरं मात्र अडकली. देताना त्यांना धोक्याची कल्पना दिली होती का, हा प्रश्न मला त्याच्या धैर्यापेक्षा जास्त छळतो.

तरी त्याला शूर म्हणावंसं वाटतं. वरचा माणूस वाचवण्याच्या लायकीचा होता की नाही, हे पोलिसांसमोर बसून ठरवायचं नसतं. त्याच्या वर्गात असतो, तर मीही ती कविता उतरवून घेतली असती. आणि कोठडीत त्याच्यावर भयंकर चिडलोही असतो.