सुट्टी कोणाची?



परीक्षा संपत आल्या की आपल्या घराघरांतून एकच चर्चा सुरू होते : यंदा कुठे जायचे? आपल्या आजी-आजोबांना हा प्रश्न फारसा पडत नसे. वाडीतली भाजी, फुले, केळी घेऊन पहाटेच्या गाडीने दादर गाठायचे, आणि सप्टेंबर आला की एकदा वांद्र्याच्या मोतमाउलीला जाऊन यायचे; त्यांची सहल ती तेवढीच. आता पती-पत्नी दोघेही नोकरी करतात. रोजच्या लोकलच्या धक्काबुक्कीतून चार दिवस सुटका मिळाली, तर डोंगरात, तलावाकाठी एखादा बंगला घेऊन सगळे मिळून राहावे असे वाटते. लोणावळा, पवना, मुळशी, भंडारदरा ही नावे आता आपल्या तोंडी सहज येतात.

काही वडीलधाऱ्यांना ही चैन वाटते. ‘कष्टाचा पैसा असा का उडवायचा?’ असे ते विचारतात. त्यांना मी संत थॉमस अक्वायनस यांची आठवण करून देतो. शरीर थकते तसा जीवही थकतो, आणि जिवाचा शीण खेळाने, विरंगुळ्याने जातो, असे या थोर तत्त्वज्ञाने तेराव्या शतकात लिहून ठेवले आहे. त्यासाठी त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली आहे. संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत बसलेले पाहून काही लोकांना ते खटकले. तेव्हा योहानने त्यांच्यातल्या एका धनुर्धाऱ्याला विचारले, तू सारखे बाण सोडत राहू शकशील का? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानने त्याला सांगितले. म्हणून सुट्टी हे पाप नाही. ती माणसाची गरज आहे.

त्याच्याही आधी ॲरिस्टॉटलने एक पाऊल पुढे जाऊन विचार केला होता. आपण विश्रांती घेतो ती पुन्हा कामाला जुंपता यावे एवढ्याचसाठी का? तसे असेल तर माणूस आणि बैल यांच्यात फरक काय उरला? ॲरिस्टॉटल म्हणतो, उलट आहे. आपण काम करतो ते निवांतपणा मिळावा म्हणून. त्या निवांतपणात माणूस पाहतो, विचार करतो, मित्रांशी बोलतो, जे सुंदर आहे त्यापुढे उभा राहतो. तलावावर संध्याकाळ उतरताना एखादा बाप आपल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून नुसता उभा राहतो, तेव्हा तो वेळ वाया घालवत नसतो. तो माणूस म्हणून जगत असतो.

इथवर सगळे ठीक आहे. पण ॲरिस्टॉटलच्या विचारात एक मोठी भेग होती. त्याच्या नगरातल्या मोजक्या पुरुषांना निवांतपणा मिळत होता, कारण घरात स्त्रिया आणि गुलाम राबत होते. त्याला ही व्यवस्था खटकली नाही. इथेच आपल्याला पवित्र शास्त्राकडे वळावे लागते.

देवाच्या दहा आज्ञांपैकी तिसरी आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. पण निर्गमच्या विसाव्या अध्यायात ती पूर्ण वाचा. सातव्या दिवशी काम करू नये, असे सांगून आज्ञा तिथेच थांबत नाही. ती एक यादी देते : तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी जनावरे आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका माणूस. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात ती पुन्हा येते, तेव्हा बैल आणि गाढव यांचाही वेगळा उल्लेख होतो, आणि कारणही दिले जाते : तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तूही एकदा मिसर देशात दास होतास.

‘तुझ्यासारखाच’ हा शब्द जपून ठेवा. प्राचीन जगात मालकाच्या आणि दासाच्या विश्रांतीला एकाच मापाने मोजणारी ही आज्ञा आहे. देवाच्या दृष्टीने माझी विश्रांती एकट्याची नसतेच. माझ्या दाराच्या आत जो कोणी आहे, त्याला ती मिळाली तरच ती पुरी होते.

आता ही यादी घेऊन आपण तलावाकाठच्या त्या बंगल्यात जाऊ या. समजा, आठ-दहा जणांचे एक कुटुंब तिथे उतरले आहे. सकाळी सातला सगळे झोपलेले आहेत. जागे कोण आहे? आई जागी आहे. ती चहा टाकते आहे, नाश्त्याला काय करायचे याचा विचार करते आहे. घरून निघताना तिने मसाला, लोणचे, सुके बोंबील, मुलांची औषधे, सगळे आठवणीने बांधून घेतले. इथे स्वयंपाकघर बदलले, काम तेच राहिले. फक्त मिक्सर कुठे ठेवला आहे ते तिला शोधावे लागते.

आज्ञेच्या त्या यादीत मुलगा आहे, मुलगी आहे, दासी आहे. पण पत्नीचा उल्लेख नाही. अभ्यासक म्हणतात की ‘तू’ या शब्दातच नवरा आणि बायको दोघेही आले. मला हे पटते. पण आपल्या घरांतून पाहिले, तर असे वाटते की आपण ती यादी फारच शब्दशः घेतली आहे!

बंगल्याच्या मागच्या खोलीत राखणदाराचे कुटुंब राहते. शनिवार-रविवार हा त्यांच्या सर्वात जास्त कामाचा वेळ. रात्री दोनला कोणाला बर्फ हवा असतो, तर कोणाला चुलीवरच्या भाकरी. बाहेर गाडीत चालक झोपला आहे, कारण त्याच्यासाठी खोली सांगायची राहून गेली. आणि गावी, आपल्याच ओट्यावर, आजी बसली आहे. तिला गाडीचा प्रवास झेपत नाही म्हणून तिला घरी ठेवले, आणि शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितले. या सगळ्यांची सुट्टी कधी?

कोणी म्हणेल, ‘फादर, आम्ही पैसे मोजले आहेत. राखणदाराला काम मिळते, चालकाला भाडे मिळते. आम्ही गेलोच नाही तर त्यांचे पोट कसे भरेल?’ हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. सुट्टीवर न जाणे हे त्याचे उत्तर नव्हे. त्या गावांना पर्यटकांची गरज आहे. पण इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७८५ मध्ये एक भेद स्पष्ट केला, तो इथे उपयोगी पडतो. काही गोष्टींना किंमत असते, त्यांच्या जागी दुसरी गोष्ट ठेवता येते. माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. पैसे देऊन आपण भाकरी विकत घेतो, भाकरी करणारी बाई नाही. पैसे चुकते झाले की हिशेब संपतो; माणसाशी असलेले नाते तिथे संपत नाही. पोप लिओ तेरावे यांनीही १८९१ च्या आपल्या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाबरोबरच त्याच्या रविवारच्या विसाव्याची बाजू मांडली होती. दोन्ही त्याला मिळायला हवे. एक देऊन दुसरे बुडवता येत नाही.

बंगल्याच्या व्हरांड्यातून समोर दिसणाऱ्या तलावाकडेही जरा पाहू या. मुळशीचेच उदाहरण घेतो. हिरवे डोंगर, मधे पसरलेले निळे पाणी. देवाने हे असेच निर्माण केले असावे असे वाटते. डोंगर त्याने निर्माण केले. पण हा तलाव माणसाने बांधलेल्या धरणाचा आहे. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात भाताची शेते होती, घरे होती, देवळे होती. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांच्या कंपनीने इथे धरण बांधायला घेतले, तेव्हा पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनींवर संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी तिथे सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी झाले. याच लढ्यामुळे लोक त्यांना ‘सेनापती’ म्हणू लागले. त्यांनी तुरुंगवास भोगला. लढा तीन वर्षे चालला आणि मोडला. दादरला फुलबाजाराकडे जाताना आपल्यापैकी किती जण सेनापती बापट मार्गावरून चालत गेले असतील! त्या रस्त्याच्या नावामागे या तलावाच्या तळाशी गेलेली शेते आहेत.

ते पाणी आजही काम करते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून ते रायगड जिल्ह्यातल्या भिरा येथील वीजकेंद्रात उतरते. हे केंद्र १९२७ साली सुरू झाले. वीज तयार झाल्यावर तेच पाणी कुंडलिका नदीत सोडले जाते, आणि सकाळच्या त्या पाण्यावर कोलाडला रबरी होड्यांचा थरारक खेळ चालतो. म्हणजे वर तलावाकाठी आपली विश्रांती, खाली नदीत आपली मौज, आणि मधे मुंबईचे दिवे. एवढे सगळे ज्यांच्या शेतांवर उभे राहिले, त्यांची नातवंडे-पतवंडे आज त्या परिसरात कुठे बंगला राखतात, कुठे रस्त्याकडेला कणसे भाजून विकतात.

हे सांगून मला कोणाची सुट्टी कडू करायची नाही. धरण आपण बांधले नाही. त्या विजेने गिरण्या चालल्या, घरांत उजेड आला. त्यात आपल्याही बापजाद्यांची रोजीरोटी होती. शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा दोष आज नाश्ता करणाऱ्या मुलांच्या माथी मारणे हा न्याय नव्हे. पण दोष आणि ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे मी केले नाही, त्याचा दोष माझ्यावर येत नाही. जे मी उपभोगतो, त्याचे ऋण मात्र माझ्यावर येते. ‘तूही एकदा दास होतास’ असे आज्ञा आठवण करून देते ती आपल्याला खाली मान घालायला लावण्यासाठी नव्हे, तर आपला हात सैल व्हावा म्हणून.

हे ऋण फेडायचे कसे? थोडे व्यवहाराचे बोलतो. बंगला ठरवतानाच चालकाच्या झोपण्याची आणि जेवणाची सोय विचारा. राखणदाराचे नाव विचारा, त्याच्या मुलांचे शिक्षण विचारा, आणि निघताना त्याच्या घरच्या बाईच्या हातात तिच्या कष्टाचे वेगळे पैसे द्या. शक्य असेल तर आंबेमोहोर तांदूळ, कणसे, करवंदे तिथल्याच माणसाकडून घ्या, आणि फार घासाघीस करू नका. रात्री दहानंतर मोठ्याने गाणी लावू नका. पलीकडच्या वाडीतल्या माणसाला पहाटे उठायचे असते. बाटल्या आणि प्लास्टिक परत घेऊन या. ज्या पाण्यासाठी कोणी शेत गमावले, त्यात आपला कचरा तरी टाकू नये. मुलांना त्या तलावाची गोष्ट सांगा. आणि आजीला एखाद्या जवळच्या ठिकाणी का होईना, बरोबर न्या. तिला डोंगर चढायचा नसतो, तिला तुमच्यात बसायचे असते.

राहिली आई. तिच्यासाठी शुभवर्तमानातला एक प्रसंग आठवा. योहानच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात, डोंगरांनी वेढलेल्या गालीलच्या सरोवराकाठी, शिष्य रात्रभर जाळी टाकून थकून परत येतात. काठावर निखारे पेटलेले आहेत, त्यावर मासळी भाजली जाते आहे, शेजारी भाकर आहे. नुकताच मरणातून उठलेला प्रभू तिथे पहाटे काय करत होता? तो थकलेल्या माणसांसाठी नाश्ता तयार करत होता. मग त्याने त्यांना जेवायला बोलावले, आणि भाकर व मासळी स्वतः त्यांच्या हातात दिली.

म्हणून माझ्या पुरुष बांधवांना आणि तरुण मुलांना एक विनंती. यंदा तलावाकाठी गेलात, तर एका सकाळी तुम्ही लवकर उठा. चहा टाका, अंडी फोडा, जमेल तसे काहीतरी करा. पोहे थोडे करपले तरी चालतील. आईला हाक मारून बाहेर बसवा, राखणदाराच्या घरीही एक बशी न्या, आणि सगळे मिळून खा.

तुमची सुट्टी सुखाची जावो, आणि ती सगळ्यांची असो.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू