हाका आणि हाक

आपल्याकडच्या जुन्या शिकारकथांत ‘हाका’ हा शब्द वारंवार भेटतो. डबे बडवत, आरोळ्या ठोकत माणसांची रांग रान विंचरत निघायची आणि भेदरलेलं सावज मचाणाच्या दिशेने पळायचं. हाक्यात क्रौर्य होतं, पण त्या गोंगाटात खोटं काही नव्हतं. माणसं आली आहेत, जीव वाचव, एवढंच तो सांगत होता आणि ते खरंच होतं. अमेरिकेत आवाज काढून बॉबकॅटची जी शिकार होते ती याच्या नेमकी उलटी. बॉबकॅट म्हणजे लिंक्सच्या कुळातलं आखूड शेपटीचं रानमांजर. दक्षिण कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत आढळणारं आणि मुख्यतः सशांवर जगणारं. शिकारी, अनेकदा रात्री, झुडपाआड दबा धरून बसतो आणि शिट्टीतून किंवा स्पीकरवरून जखमी सशाची किंकाळी वाजवून हाक देतो. ती ऐकून कोयोट, म्हणजे लांडग्याचा तिकडचा लहान भाऊबंद, धावत सुटतो. बॉबकॅट थांबत, बसत, आडोशाआडोशाने येतं, त्यात कधी अर्धा तासही जातो. मग दिव्याच्या झोतात दोन डोळे चमकतात. टेक्सासमधल्या मार्बल फॉल्सच्या बर्नहॅम बंधूंनी गेल्या शतकाच्या मध्यावर अशा शिट्ट्यांना देशभर गिऱ्हाईक मिळवून दिलं. आता हातातल्या रिमोटवर शेकडो आवाज मावतात. बॉबकॅटच्या शिकारीवर तिथे वाद आहेत. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून ती काही वर्षांसाठी थांबवली. कोलोराडोच्या मतदारांनी २०२४ मध्ये तशी बंदी फेटाळली. पण हे वाद प्राण्यांची संख्या, कातडीचा व्यापार आणि क्रौर्य यांभोवती फिरतात. ती हाक हे खोटं बोलणं आहे का, आणि असेल तर ते कोणाशी, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

पाश्चात्त्य परंपरेतलं ठळक उत्तर सोपं आहे: जनावराशी खोटं बोलताच येत नाही. ऑगस्टीनने असत्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि चांगल्या हेतूने बोललेल्या खोट्यालाही माफी दिली नाही. पण हत्येच्या निषेधातून त्याने पशूंना वगळलं, कारण विवेकाच्या नात्याने ते आपल्याशी जोडलेले नाहीत. कांटने १७९७ मध्ये दारात उभ्या खुन्याशीही खोटं बोलायला मनाई केली, पण प्राण्यांबाबत आपलं थेट कर्तव्य त्याला दिसलं नाही. त्यांच्याशी निर्दय वागणारा उद्या माणसांशीही तसाच वागेल, एवढीच त्याची भीती. ती इथे फारशी लागू पडत नाही. सशाचा आवाज काढणारा माणूस शेजाऱ्याला फसवू लागतो असं मानायला काही आधार नाही. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात वेगळी वाट आहे. आपल्याला जे कळलं ते दुसऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी वाणी असते. ती फसवी, भ्रामक किंवा निरर्थक नसावी आणि भूतांच्या उपकारासाठी असावी, त्यांच्या घातासाठी नसावी, असं भाष्यकार म्हणतात. शब्द ‘भूत’ आहे, म्हणजे कोणताही जीव, केवळ माणूस नव्हे. शिट्टी ही वाणी नव्हे, असा आक्षेप निघेल. पण ‘इथे ससा आहे’ हे दुसऱ्या जिवाला कळवण्याचाच तो खटाटोप आहे आणि तिथे ससा नाही. पुढच्याच सूत्रावरच्या भाष्यात अंशतः पाळलेल्या अहिंसेची उदाहरणं येतात: फक्त मासेच मारणारा कोळी, तीर्थक्षेत्री न मारणारा, चतुर्दशीला न मारणारा. शिकारीचे परवाने, हंगाम आणि राखीव क्षेत्रं ही त्याच यादीची सरकारी आवृत्ती म्हणता येईल. भाष्यकार अशा व्रताला कमी लेखत नाहीत, पण महाव्रतही म्हणत नाहीत.

म्हणजे हाक असत्य ठरली. तरीही सगळी असत्यं एका तोलाची नसतात, आणि माझ्या मते खरा मुद्दा इथे सुरू होतो. बॉबकॅट त्या किंकाळीकडे कोणावर विश्वास ठेवून येत नाही, कोणाला सोडवायलाही येत नाही. ते सशाला खायला येतं. त्याच्या भुकेला आमिष दाखवलं गेलं. त्याच्या मनात कोणाविषयी असलेला भरवसा मोडला गेला नाही. रामायणातला मारीच हा फरक फार नेमका दाखवतो, कारण एकाच दिवशी तो दोन फसवणुकी करतो. आधी सोन्याचा मृग होऊन तो हौसेला भुलवतो. मग बाण लागल्यावर रामाच्या आवाजात सीतेला आणि लक्ष्मणाला हाक मारतो. पहिल्या फसवणुकीत सीतेच्या मोहाचाही वाटा होता असं म्हणता येतं, आणि कथेकरी ते म्हणतातही. दुसरीबद्दल असं कोणी म्हणत नाही. तिथे मोहाला हात घातलेला नाही, मायेला घातला आहे. आपलं माणूस संकटात आहे हे ऐकून जे काळीज हलतं, त्याचाच फास केला आहे. सशाची खोटी किंकाळी ही सोन्याच्या मृगाच्या जातीची. पण शिकाऱ्यांच्या बाजारात पिल्लांच्या आकांताचे आवाजही मिळतात: बॉबकॅटच्या पिल्लाचे, कोयोटच्या पिल्लांचे, हरणाच्या पाडसाचे. पाडसाच्या ओरडण्यावर हरिणी धावत येते ती भूक लागली म्हणून नव्हे. ती मारीचाची दुसरी हाक आहे.

हा भेद मी शिकाऱ्यांवर बाहेरून लादतो आहे असं वाटू नये. मृगयेला मान्यता देणाऱ्या महाभारतातच तो आहे. किंदम ऋषी मृगरूपात समागमात असताना पांडूने त्यांना बाण मारला. पांडूने बचाव केला की राजे उघडपणे मारतात तसे कपटानेही मारतात. त्यावर ऋषींनी शिकारीलाच दोष दिला नाही. थांबायला हवं होतंस, एवढंच म्हटलं आणि शाप दिला. मारणं मान्य असलेल्या जगातही जिवाच्या काही अवस्था हत्यार म्हणून किंवा संधी म्हणून वापरायच्या नसतात, असं हे म्हणणं आहे. आधुनिक कायदा मात्र दुसऱ्याच गोष्टी मोजतो. अमेरिकेत बदकांच्या शिकारीत जिवंत बदकं आमिष म्हणून बांधायला १९३५ पासून बंदी आहे. ध्वनिमुद्रित आवाजही बहुतेक बदका-हंसांसाठी चालत नाहीत. पण हिमहंस फार वाढले तेव्हा, १९९९ पासून, त्यांच्यापुरती ती बंदी सैल झाली. म्हणजे कायद्याला खोटेपणा खुपत नव्हता, त्याचा गुण येणं खुपत होतं. प्लेटोनेही ‘लॉज’ (कायदे) या संवादात रात्रीच्या, फास-जाळ्यांच्या शिकारीला नाकारलं, पण ते शिकारी आळशी होतो म्हणून. थंडीत न हलता तासभर बसणाऱ्याला हा आरोप लावणं कठीण आहे.

यावर सगळ्यात कडक आक्षेप असा: जनावराच्या आत काही असेल तरच ते फसेल ना? किल्ली कुलूप उघडते म्हणून किल्लीने कुलपाला फसवलं असं आपण म्हणत नाही. देकार्तने प्राण्यांना यंत्रं ठरवलं तेव्हापासून हा युक्तिवाद वेगवेगळ्या वेषांत येतो. आता ‘उद्दीपन आणि प्रतिसाद’ म्हणतात, एवढंच. पण गंमत अशी की याला सर्वांत चांगलं उत्तर हाक देणाऱ्या शिकाऱ्याच्याच कसबात आहे. एकदा हाकेवर येऊन वाचलेलं जनावर पुन्हा त्याच आवाजाला सहज भुलत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो जागा बदलतो, आवाज बदलतो, वाऱ्याची दिशा पाहतो. बॉबकॅट कानांहून नजरेने अधिक खेचलं जातं म्हणून काठीला पीस टांगून ते हलतं ठेवतो. कुलूप किल्लीवर संशय घेत नाही. जे फसल्यावर शहाणं होतं, त्याच्यापाशी काहीतरी अपेक्षा होती आणि ती खोटी ठरली हेही त्याला कळलं. ते सांगण्याची भाषा त्याच्याकडे नाही, पण जाण आहे. जो जितका तरबेज, तितका तो त्या जिवाच्या आत शिरून विचार करतो, आणि म्हणूनच ‘ते यंत्र आहे’ ही पळवाट सर्वांत आधी त्याच्यासाठीच बंद होते.

दुसरा आक्षेप निसर्गाचा. फसवणूक तर रानातही चालते. २००५ मध्ये ब्राझीलमधल्या मनौसजवळच्या जंगलात मार्गे नावाचं रानमांजर टॅमरिन माकडांच्या पिल्लाचा आवाज काढताना संशोधकांना दिसलं. डाव फसला, पण माकडं बघायला आली होती. मग माणसानेच का लाजावं? कारण मार्गेपाशी दुसरा पर्याय तोलून पाहण्याची सोय नाही. आपल्यापाशी आहे, आणि असा आक्षेप घेणं हाच तिचा पुरावा. रामानेही वालीला आडून मारल्यावर असाच काहीसा आधार घेतला होता: माणसं फासे लावून, लपून, बेसावध जनावरांनाही मारतात, आणि तू तर वानर. वाली निरुत्तर झाला असं वाल्मीकी सांगतात. वाचक मात्र अजून वाद घालत आहेत. तिसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. सापळ्यात पाय अडकलेलं बॉबकॅट तासन्‌तास तडफडतं आणि सापळा कोणाला धरतो हे निवडत नाही. हाकेवर आलेल्या जनावराकडे शिकारी बघतो, ओळखतो, हवं तर सोडून देतो. हे मान्यच केलं पाहिजे. पण त्याने हाक सापळ्याहून बरी ठरते, निर्दोष नव्हे. शिवाय अंधारात चमकणाऱ्या दोन डोळ्यांमागे कोण आहे याची खात्री नेहमी होतेच असंही नाही. दशरथाने रात्री पाण्याच्या आवाजावर बाण सोडला, तेव्हा हत्ती पाणी पितो आहे याची त्यालाही खात्री होती.

तेव्हा माझं म्हणणं मर्यादित आहे. भुकेला दिलेली हाक हे आमिष आहे. तिचा बरेवाईटपणा शेवटी त्या मरणाला पुरेसं कारण आहे का यावर ठरेल, आणि कातडी हे मला पुरेसं कारण वाटत नाही. मायेला दिलेली हाक मात्र कारण कितीही मोठं असलं तरी वर्ज्य असावी. कोंबड्या राखायच्या असोत की हरणांची संख्या कमी करायची असो. पिल्लाच्या आवाजाची फीत यंत्रातून काढून टाकल्याने शिकारीचा हंगाम बुडणार नाही.

एक गोष्ट उरते. या व्यवहारात खोटी ठरलेली ती किंकाळी बनावटच असते असं नाही. पत्तीच्या शिट्टीतून निघते ती नक्कल. पण स्पीकरवरचे कितीतरी आवाज खऱ्या प्राण्यांचे मुद्रित केलेले असतात आणि विक्रेते ते आवर्जून सांगतात. कोणत्या तरी सशाने कोणाच्या तरी तावडीत सापडल्यावर ती मारली होती, आणि ध्वनिमुद्रक जवळ धरलेला होता. रिमोटचं बटण दाबलं की तीच ती पुन्हा सुरू होते.