कुरकुर

चांगल्या लाकडाची चौकट दोन-तीन पिढ्या टिकते आणि बिजागरी दहा-पंधरा वर्षांत ढिली पडते. यात चौकटीचा मोठेपणा काही नाही. ती भिंतीत बसून असते. बिजागरी दिवसातून चार वेळा उघडते, चार वेळा मिटते, आणि वर अख्ख्या झडपेचं ओझं धरून ठेवते. जो हलतो तो झिजतो. तरीपण पाहुण्याला घर दाखवताना आपण चौकट दाखवतो, तिच्यावर हात फिरवून कोणतं लाकूड ते सांगतो. बिजागरी दाखवणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

बिजागरी, कडी, खिटी, वाऱ्यानं झडप आपटू नये म्हणून लावलेला आकडा, ही खिडकीतली सगळी राबणारी मंडळी. ती बिघडली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो दुरुस्त करा, दुसरा म्हणतो टाका बदलून. आमच्या लहानपणी दुरुस्तीवाल्याला कंजूष म्हणायचे. आता शहरातली शिकलेली माणसं दुरुस्तीला पुण्यकर्म म्हणतात, त्यानं पृथ्वी वाचते म्हणतात. वाचत असेल. पण वस्तू ठेवावी की टाकावी एवढ्यावरच दोन्ही पक्ष भांडतात. ती वस्तू रोज कोणाच्या हातात असते, हे कोणी विचारत नाही. माझं डोकं तिथंच अडकतं.

आधी दुरुस्तीचं सांगतो, कारण ती बहुतेक ठिकाणी चुकीची होते. झडप खाली ओघळली आणि चौकटीला घासायला लागली की माणसं रंधा घेऊन तिची खालची कड तासत बसतात. दोष तिथं नसतोच. झडपेचं वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढतं आणि खालचीला आत दाबतं, म्हणून आधी वरचे स्क्रू सैल होतात. भोक मोठं झालं की तोच स्क्रू कितीही पिळा, नुसता गरगर फिरतो. मग कोणीतरी शहाणा तिथं खिळा ठोकतो. खिळ्याला आटे नाहीत, म्हणजे पकड नाही, आणि वर लाकडाला चीर. त्यापेक्षा भोकात सागाची नाहीतर कळकाची काडी फेविकॉल लावून ठोकावी, रात्रभर वाळू द्यावी, वर आलेलं टोक पटाशीनं सपाट करावं, गिरमिटानं बारीक भोक पाडावं आणि स्क्रूला साबण चोळून पिळावा. लाकूड कुजलेलं नसेल तर झडप पुन्हा जागेवर बसते. तेल घालायचं तर शिलाई मशीनचं, तेही दोन थेंब. गोडेतेलावर धूळ बसून त्याचा लोंदा होतो. बिजागरीची मधली सळईच झिजून खुळखुळत असेल, तर मात्र काडीनं भागत नाही. तिथं माया करू नये. त्याच मापाची दुसरी आणावी. दोन-चार कप चहाच्या पैशात येते.

आणि पावसाळ्यात रंधा मारू नये. लाकूड ओल धरलं की रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. आषाढात अडकते म्हणून झडप तासली, तर वैशाखात त्या फटीतून बोट जातं आणि वावटळीची सगळी धूळ ताटात येते.

हे एवढं सोपं आहे, तरी खिडक्या वर्षानुवर्षं तशाच का राहतात? कारण 'चालतंय की' हा शब्द. आमचे आप्पा तो फार वापरायचे. माणूस वाईट नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून घर जगवलेलं, त्यामुळं पैसा हातातून सुटताना त्यांना तो दुष्काळ दिसायचा.

आमचं जुनं घर बार्शीकडच्या भागात असतं तसं, दगड-मातीचं, वर माळवद. स्वयंपाकघराला धूर जायला माळवदात एक भोकसं आणि चुलीच्या बाजूला हातभर खिडकी. बाभळीची चौकट, लिंबाच्या फळ्यांच्या दोन झडपा. पाऊस लागला की माळवदाच्या भोकशावर पत्र्याचं झाकण पडायचं. म्हणजे धुराला वाट राहिली खिडकीची, आणि नेमकी त्याच दिवसांत फुगून खिडकी अडकायची. सरपणही त्याच दिवसांत ओलं. गोवऱ्या आणि तुराट्या धुपायच्या, जळायच्या नाहीत. आई पहाटे तळहातानं झडपेला धक्के द्यायची, मग वरवंट्यानं ठोकायची. एक झडप उघडायची, दुसरी कधी उघडायची, कधी नाही. कुरकुर एवढी की शेजारच्या चुलतीला आमची चूल कधी पेटली ते कळायचं.

आई सांगायची, खिडकीचं काहीतरी बघा. आप्पा बाहेरच्या ओसरीवर बसून म्हणायचे, "चालतंय की." आणि त्यांच्यापुरतं ते खरं होतं. ओसरीवर धूर येत नव्हता. ती खिडकी त्यांनी जन्मात कधी उघडलेली नव्हती. आई त्यांना समोरासमोर उत्तर द्यायची नाही, त्या काळच्या बायकांची रीत नव्हती. भांड्यांकडं बघून म्हणायची, "चालतंय म्हणणाऱ्यानं एक दिस उघडून बघावं." आम्ही पोरं हसायचो. आप्पाही हसायचे. असं कितीतरी पावसाळे चाललं.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीकडं भूकंप झाला. आमचं गाव तिथून लांब, तरी चुलीमागची भिंत उकलली. दगड-मातीच्या भिंतींची सगळ्यांनीच धास्ती घेतलेली. आम्ही घर उतरवून विटांचं बांधायला काढलं, तेव्हा आईनं एकच गोष्ट मागितली. चुलीवरची खिडकी दुप्पट आणि तिला चार नव्या बिजागऱ्या. आप्पांनी त्या स्वतः बार्शीहून आणल्या. पुढं ती झडप बोटानं उघडायची. पण तोवर आईला धाप लागायला लागली होती. दवाखान्यात एका डॉक्टरांनी विचारलं, बिडी ओढता का? आई त्यावर किती दिवस हसत होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. चुलीच्या धुरानं बायकांची छाती बिडीवाल्या पुरुषासारखीच निकामी होते, हे पुढं दुसऱ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ती खिडकी वेळेवर दुरुस्त झाली असती तर आईचा दम वाचला असता, असं मी म्हणत नाही. चूल होतीच. पण थोडा धूर बाहेर गेला असता. चहाच्या किमतीच्या बिजागरीनं जेवढा गेला असता, तेवढा.

म्हणून कोणी मला काटकसरीचं कौतुक सांगायला लागलं की मी विचारतो, बचत कोणाची आणि झीज कोणाची? आप्पांची काटकसर खोटी नव्हती. पण तिचे पैसे आई मोजत होती.

हाच सवाल सुताराच्या बाजूनंही विचारावा लागतो. आमच्या गावात सुताराला बलुतं होतं. तिफण, कुळव, गाडी यांची वर्षभराची दुरुस्ती आणि सुगीला खळ्यावर धान्य. खिडकीचं नवं काम वेगळ्या पैशाचं, पण ढिली बिजागरी तो जाता-येता बसवून द्यायचा, त्याची मोजदाद नसायची. या रीतीत एक शहाणपण होतं. धान्य ठरलेलं, मग वस्तू जितकी टिकेल तितकं सुताराचंच बरं. आता उलटं आहे. वस्तू जितकी लवकर मोडेल तितकं दुकानदाराचं बरं. पण म्हणून बलुत्याच्या काळाला मी हार घालणार नाही. चांगला माल घरात गेल्यावर खळ्याच्या तळची, माती मिसळलेली ज्वारी त्याच्या पोत्यात पडताना मी डोळ्यांनी पाहिलीय. आपली दुरुस्ती स्वस्त होती, कारण त्याचा हात स्वस्त धरला होता, आणि त्याच्या पोरानं दुसरं काही करायचं नाही असं गाव धरून चाललं होतं. त्या सुताराचा नातू आज बार्शीत अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो. त्यानं वाकस टाकला याचं दुःख करणारे पुष्कळ आहेत. मला नाही.

त्याचाच उपयोग झाला. पोरगा पुण्याकडं नोकरीला, फ्लॅटमध्ये सरकत्या खिडक्या. सहा वर्षांत स्वयंपाकघरातली एक जड झाली. सूनबाई रोज सकाळी काच दोन्ही हातांनी जरा उचलून ढकलायची. पोरगा मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला, "चालतंय ना." मला कानात आप्पा बोलल्यासारखं झालं. खिडकीवाल्याला बोलावलं तर तो म्हणाला, या मापाचं चाक आता येत नाही, दोन्ही काचा फ्रेमसकट बदला. सरकत्या खिडकीला खाली नायलॉनची बारकी चाकं असतात. पट्टीत धूळ साचली की ती चाकं खातात. पट्टी जुन्या दातघाशीनं साफ करावी, तेल बिलकूल घालू नये. मी झिजलेलं चाक कागदात गुंडाळून गावी आणलं. सुताराच्या नातवानं पत्र्याच्या डब्यात अर्धा तास खालीवर करून त्याच मापाची जोडी काढली. पैसे किती, तर म्हणाला राहू द्या काका. मी दिले. त्याचा अर्धा तास बलुत्यात धरायचे दिवस गेले.

2022 साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची अवजारं होती, मोबाईल, घरातली यंत्रं आणि गाड्या होत्या. फवारणीच्या पंपाचा एक तुकडा मिळेना म्हणून सगळा पंप टाकलेला शेतकरी तुम्हाला दर गावात भेटेल, त्यामुळं असा हक्क हवाच. पण सुटा भाग बाजारात मिळायला लागला तरी घरातलं 'चालतंय' कोणत्या समितीनं काढायचं?

यंदा मृगानं चांगली सुरुवात केली आणि आषाढात आमच्या स्वयंपाकघराची डावी झडप फुगली. बिजागऱ्या ठीक आहेत, मी पाहिल्या. फुगवटाच आहे, तो दिवाळीनंतर उतरेल, मग कड बघू. आत्ता रंधा मारणार नाही हे मी ठरवलंय. घरातून कुरकुर आली, "अहो, तोवर काय?" आता गॅस आहे, धूर नाही, पण फोडणीचा खाट असतोच. तेव्हा धार काढायला गोठ्याकडं जायच्या आधी ती झडप मी उघडतो. तळहात दुखतो जरा. वरवंटा अजून लागलेला नाही.