पट्टा आणि सडक

वडवणीचा एक पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारले की 20 पैकी 20 गुण, हे त्याला तोंडपाठ होतं. त्या वेळेच्या जवळपास तो पोचलाही होता. मग घरच्यांबरोबर ऊसतोडीला जावं लागलं. दसऱ्यानंतर गेलेला पोरगा पाडव्याच्या सुमारास परतला. मोळ्या वाहून खांदे भरले होते, पण पळणं सुटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी पहाटे तो बीड-परळी रस्त्यावर उतरला आणि जुन्याच वेगानं सुटला. काही दिवस जमलं. मग नडगी ठणकू लागली.

सैन्यातून निवृत्त झालेल्या मामांनी नडगीवरून अंगठा फिरवला. एका जागी पोरानं पाय झटकन आखडून घेतला.

"लेका, दम लवकर माघारी येतो. हाडं अन् शिरा मागाहून येतात. तू दमाच्या भरवशावर हाडं पळवलीस."

डॉक्टरांनी पळणं बंद ठेवायला सांगितलं. कळ पुरती थांबल्यावर मामा त्याला जिममध्ये घेऊन गेले. ट्रेडमिलचा आकडा त्यांनी सातावर ठेवला.

"मामा, हे काय पळणं झालं?"

"पाच मिनिटं दहा सेकंद म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरचा वेग. तिथवर जायचंच आहे, पण निघायचं आज जिथं आहेस तिथून."

पोरानं ऐकलं. आकडा हळूहळू वर सरकला आणि त्याला पट्ट्याची गोडी लागली. तिथं ना ऊन, ना ट्रकचा धुरळा, ना मागं लागणारी कुत्री. सडकेचं त्यानं नावच टाकलं. एकदा पट्ट्यावरच्याच वेगानं पळायला म्हणून तो रस्त्यावर गेला, तर थोड्याच अंतरात धापा टाकत थांबला.

"मामा, मशीननं फसवलं!"

"मशीन कशाला फसवंल? तिथं समोरून वारा नव्हता, चढ नव्हता. अन् वेग तू धरलाच नव्हतास, पट्ट्यानं धरला होता. सडकेवर तो आपला आपण धरावा लागतो."

मग मामांनी दोन्हींची सांगड घातली. आठवड्यातले दोन दिवस पट्टा, तोही एक टक्का चढ देऊन, म्हणजे वाऱ्याची थोडी भरपाई होते. दोन दिवस बाहेर, आधी शेताकडच्या मऊ गाडीवाटेनं, मग डांबरी सडकेनं. मधले दिवस विसावा. पट्ट्यावर श्वासाची लय ओळखायची आणि बाहेर घड्याळ न बघता तीच लय धरायची. पावसानं चिखल झाला की पट्टा हाताशी होताच.

कंटाळा आला की मामा आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेंची गोष्ट काढत. "फौजेत असताना त्याचं वजन वाढलं होतं. ते उतरवून तो पुन्हा पळायला लागला. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं सोनं पाच शतांश सेकंदानं हुकलं, रुपं मिळालं. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सोनं आणलं. बीडच्या मातीतला गडी आहे."

पावसाळा सरताना मैदानावर चाचणी झाली. चारशे मीटरच्या चार फेऱ्या. पहिल्या फेरीत बाकीची पोरं पुढं निघून गेली, तरी हा आपल्या लयीतच राहिला. तिसऱ्या फेरीत पुढचे दमले. चौथी फेरी त्याची सगळ्यांत वेगवान झाली. पाच-दहा गाठायला अजून काही सेकंद कमी करायचे होते, पण नडगी दुखत नव्हती आणि पुढच्या दिवशीचा सराव त्याला बुडवावा लागला नाही.

बोध: खंड पडल्यावर परतणाऱ्यानं कालच्या वेगाशी शर्यत लावू नये, आजच्या ताकदीपासून सुरुवात करावी. आवर घालायला यंत्रापासून शिकावं आणि कस मोकळ्या सडकेवर लावावा. दोन्ही सांभाळणाऱ्याचं पळणं टिकतं.