बोटीवरचा कागद आणि कॉलेजचा कागद

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला 'बोटीवर असतो' एवढं उत्तर पुरतं. बोटीवर झेंडा पनामाचा, मालक ग्रीक, माल ब्राझीलचा. कुणाला त्याचं काही वाटत नाही. न्हावा इथली 'ट्रेनिंग शिप रहमान' ही संस्था १९१० सालची, म्हणजे या किनाऱ्याला जगाची नोकरी नवी नाही.

नॉटिकल सायन्सची तीन वर्षांची बी.एस्सी. करून अधिकारी झालेल्या मुलाकडे दोन कागद असतात: विद्यापीठाची पदवी आणि नौवहन महासंचालनालयाचं सक्षमता प्रमाणपत्र, म्हणजे सीओसी. सीओसी दाखवली की पनामा तिच्यावर आपली एंडॉर्समेंट, म्हणजे मान्यतेची नोंद, देतो आणि मुलगा तिथल्या झेंड्याखाली वॉच सांभाळायला उभा राहतो. तीच पदवी घेऊन तो परदेशात एम.एस्सी.ला गेला, की ट्रान्स्क्रिप्ट आणा, अभ्यासक्रम आणा, तीनच वर्षं कशी, क्रेडिट किती, अशी उलटतपासणी सुरू होते.

सीओसीला ही मान्यता काही आपोआप मिळाली नाही. खलाशांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार, एसटीसीडब्ल्यू, १९७८ सालचा. त्यात बरंचसं 'त्या त्या सरकारचं समाधान होईल असं' या शब्दांवर सोडलेलं होतं, आणि सरकारांचं समाधान किती स्वस्तात होतं हे वेगळं सांगायला नको. १९९५ साली करार जवळजवळ नव्याने लिहिला गेला. कुणाला काय करता आलं पाहिजे याचे तक्ते आले, आणि प्रत्येक देशाला आपली परीक्षापद्धत आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेपुढे तपासायला ठेवावी लागली. २००० साली त्यातून तावून-सुलाखून निघालेल्या देशांची 'व्हाइट लिस्ट' निघाली. भारत तिच्यात होता.

कॅडेटचं ट्रेनिंग रेकॉर्ड बुक उघडून पाहावं. सेक्स्टंटने स्थान काढलं, लाइफबोट उतरवली, नांगर टाकताना फोरकॅसलवर उभा राहिला. प्रत्येक कामापुढे तारीख आणि जहाजावरच्या अधिकाऱ्याची सही. त्यावर पुन्हा तोंडी परीक्षा, आणि तिला मुलं लेखीपेक्षा जास्त टरकतात.

विद्यापीठांनी मात्र तास मोजले. १९९९ साली बोलोन्यात २९ युरोपीय देशांनी पदव्या एकमेकांशी जुळवून घेण्याचा जाहीरनामा केला. तिथे वर्षाला ६० क्रेडिट, एका क्रेडिटला २५ ते ३० तास. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट, प्रत्येकी ३० तास. म्हणजे आपलं वर्ष १२०० तासांचं, त्यांचं १५०० ते १८०० तासांचं. पनवेलचा विद्यार्थी पदुआच्या विद्यार्थ्यापेक्षा तेवढा कमी शिकला का? कागदावर तरी हो. इतिहासाच्या बी.ए.ची परीक्षा लाइफबोट उतरवून घेता येत नाही, हे मान्य. पण तास मोजून ती कुठे घेतली जाते?

दोन कागदांतल्या या फरकाचं खरं कारण मला वेगळंच दिसतं. अधिकारी नाही म्हणून जहाज बंदरात अडकलं, तर दिवसाचं भाडं बुडतं. त्यामुळे मालक, विमा कंपन्या आणि सरकारं सगळ्यांनाच कागद चालायला हवा होता. पदवी अडली तर भुर्दंड एकट्या विद्यार्थ्याला. जिथे दुसऱ्याचं अडतं तिथे मान्यता झटपट मिळते. २०२२ साली भारत आणि ब्रिटनने एकमेकांच्या पदव्या मान्य केल्या. त्यात ब्रिटनची एका वर्षाची मास्टर्स आपल्याकडे ग्राह्य झाली आणि आपली बारावी व पदवी तिथल्या प्रवेशाला. दोन्हींत तिथल्या विद्यापीठांचं गिऱ्हाईक वाढतं. वैद्यक, नर्सिंग, कायदा, अभियांत्रिकी हे सारं बाहेर ठेवलं.

अभियांत्रिकीच्या पदव्या देशोदेशी मान्य करणाऱ्या वॉशिंग्टन अकॉर्ड या कराराचा भारत २०१४ साली पूर्ण सभासद झाला, ही मोठीच गोष्ट. पण तिचा लाभ मिळतो तो मुख्यतः स्वायत्त संस्थांच्या, पहिल्या श्रेणीत तपासलेल्या अभ्यासक्रमांना. लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेल्या साध्या संलग्न कॉलेजातला मुलगा त्या दाराबाहेरच राहतो.

आणि आता जगच इकडे येतंय. जून २०२५ मध्ये अॅबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची डिझाइनसंस्था आयईडी या पाच संस्थांना नवी मुंबईत शाखा काढण्यासाठी इरादापत्रं दिली गेली. विमानतळाजवळ एज्युसिटी होणार. यूजीसीच्या २०२३च्या नियमांनुसार इथली पदवी त्यांच्या मूळ गावच्या पदवीच्या तोडीची असायला हवी. उत्तम. मात्र प्रवेशाचे निकष आणि फी त्यांनीच ठरवायची आहे. परदेशी पदवी पनवेलला पोहोचली, म्हणून पनवेलची पदवी यॉर्कला पोहोचली असं होत नाही.

अलिबाग, महाड किंवा पनवेलच्या कॉलेजात दोन वर्षं केलेल्या मुलाची क्रेडिट या शाखांनी तपासून घ्यावीत, नाकारली तर कारण लेखी द्यावं, एवढी अट घालायला काय हरकत आहे? क्रेडिट साठवणारी बँक २०२१ पासून आपल्याकडे आहेच. नवी मुंबईसाठी सिडकोच्या नावे गावंच्या गावांच्या जमिनी संपादित झाल्या आणि त्याच गावांतली मुलं या कॉलेजांत शिकतात. तेव्हा अट घालण्याचा हक्कही आहे. इरादापत्र म्हणजे अंतिम परवानगी नव्हे. अटी घालायच्या त्या याच टप्प्यावर.